जाळीचा साचा

कोपऱ्यावरचं घर पाडलं त्या दिवशी मी रजा काढली होती. घरात काही काम नव्हतं. पाडापाडी चालू असताना आपल्यातलं कुणीतरी तिथं उभं असावं, एवढंच वाटत होतं. त्या घरातल्या काकी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगे दोघेही बाहेर, एक पुण्याला आणि एक कॅनडात.

माझं अर्धं बालपण त्या घरात गेलं. आई शाळेत शिकवायची, तिला घरी यायला साडेपाच व्हायचे. तोवर काकी मला चहा आणि पोदेराकडचा पाव द्यायच्या, आणि मी त्यांच्या जिन्यात बसून अभ्यास करायची. जिन्याची पश्चिमेकडची भिंत खालपासून वरपर्यंत सिमेंटच्या जाळीची होती. दुपार कलली की ऊन त्या जाळीतून आत यायचं आणि पायऱ्यांवर चार-चार पाकळ्यांची फुलं पडायची. ऊन उतरेल तशी ती फुलं एकेक पायरी वर चढायची. सातव्या पायरीवर फुलं आली की आई येणार, हे माझं घड्याळ होतं.

जेसीबीने साडेनऊला हात घातला. आधी गोल बाल्कनी गेली, मग तिच्यावरचा छज्जा, मग जिना. जाळीची भिंत एकदम पडली नाही; वरच्या दोन रांगा आधी सुटल्या, मग बाकीची पुढे झुकून बसली, जणू कुणी दमून खाली बसावं. चार वाजता तिथं चिऱ्यांचा ढीग होता आणि वर धूळ. बाबा सांगायचे की ते घर उभं राहायला दीड वर्ष लागलं होतं.

मजुरांना विचारून मी ढिगातली एक अखंड जाळी उचलली. नऊ इंच चौरस, तीन इंच जाड, हातात घेतली तर चार-साडेचार किलो भरावी. नळाखाली धुतली तेव्हा आतल्या बाजूला, जिथं रंगाचा हात कधी पोचला नव्हता तिथं, साच्याच्या लाकडाच्या रेषा उमटलेल्या दिसल्या. १९६४ साली कापलेल्या कुठल्याशा फळीच्या रेषा, सिमेंटमध्ये जशाच्या तशा. ती जाळी अजून माझ्या टेबलावर आहे.

आमची गल्ली पणजीत सांतिनेज आणि टोंकाच्या मधे आहे, नाल्यापासून जराशी वर. मुख्य रस्त्यावरून गेलात तर दिसायचीही नाही. चौदा घरं होती, आता अकरा आहेत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत सरकारी कचेऱ्यांना माणसं हवी झाली. बाबा डिचोलीहून आले, आदिलशहाच्या वाड्यात तेव्हा सचिवालय होतं तिथं कारकून म्हणून लागले. पलीकडच्या घरात पेडण्याचे मास्तर, समोर टपाल खात्यातलं साष्टीचं एक ख्रिस्ती कुटुंब, कोपऱ्यावर बांधकाम खात्यातले ओव्हरसियर, म्हणजे काकींचे यजमान. घरात सगळे कोकणी बोलायचे, वाचायचं-लिहायचं ते मराठीत किंवा पोर्तुगीजमध्ये. त्या सगळ्यांनी पाच-सात वर्षांच्या आत इथं प्लॉट घेतले आणि घरं बांधली.

या घरांना वास्तुरचनेच्या भाषेत मिडसेंचुरी मॉडर्न म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. विसाव्या शतकाच्या मध्यावरची आधुनिक शैली. सपाट स्लॅब, भिंतीबाहेर लांब आलेले छज्जे, गोल केलेले कोपरे, पाइपचे कठडे, मोझाईकची फरशी, जाळीच्या भिंती. आमच्या गल्लीतल्या एकाही घराला वास्तुरचनाकार नव्हता. ओव्हरसियर काकांनी आपल्या घराचा नकाशा स्वतः काढला, मग बाकीच्यांनी त्यांच्याकडून आपापले काढून घेतले आणि घरं मेस्ताने, म्हणजे गवंड्याने, बांधली. डोळ्यांसमोर काय होतं? १९५२ साली, सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या वर्षी, मांडवीच्या काठी उभं राहिलेलं हॉटेल मांडवी होतं. पन्नाशीच्या दशकात जपानला लोहखनिज जायला लागलं तेव्हा खाणवाल्यांनी बांधलेले बंगले होते. मुंबईला जाऊन आलेल्यांनी मरीन ड्राइव्ह बघितला होता. त्या सगळ्यातलं परवडेल तेवढं त्यांनी इथं आणलं.

पण मला त्या घरांचं खरं मोल कळलं ते आजोबांच्या घराची गोष्ट बाबांकडून ऐकली तेव्हा. माझे आजोबा मुंडकार होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत त्यांचं मातीच्या भिंतींचं घर होतं. भाटकाराने जा म्हटलं तर जावं लागेल ही भीती त्यांना आयुष्यभर होती. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ साली आला, तोवर आजोबा गेले होते. घराची मागची भिंत पडली तरी नवी बांधायला विचारावं लागे. त्या घरातला मुलगा पणजीत येतो, कर्ज काढतो, स्वतःच्या नावावर जमीन घेतो आणि वर काँक्रीटचा सपाट स्लॅब घालतो. बाबा म्हणायचे, स्लॅब भरला त्या रात्री ते झोपले नाहीत. पाणी मारायला म्हणून वर गेले आणि तिथंच बसून राहिले. स्लॅबवर उभं राहून मांडवी दिसत होती तेव्हा. आता मधे इमारती आहेत.

म्हणून कुणी म्हणालं की ही घरं म्हणजे नुसती जुनी सिमेंटची घरं, तर मला ते लागतं. आपल्याकडे वारसा म्हटला की लाल कौलं, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, मोठा बल्कांव, म्हणजे दारापुढचा बैठकीचा ओटा. तो वारसा आहेच, मला त्याचा आदर आहे. पण ती बहुतेक भाटकारांची घरं. मुक्तीनंतर पहिल्यांदा स्वतःच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसांनी घर कसं असावं म्हणून काय कल्पना केली, ते बघायचं तर आमच्यासारख्या गल्ल्यांत यावं लागेल. मडगावात, म्हापशात, फोंड्यात, वास्कोत अशा गल्ल्या आहेत. एकेक करून जात आहेत आणि गेल्याचं कुणी मोजत नाही.

आमच्या घराच्या दिवाणखान्यात वर स्लॅबला लोखंडाच्या चार कड्या आहेत. नवीन माणूस आलं की विचारतं, पाळण्यासाठी का? त्या माटोळीसाठी आहेत. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला सुपारीचे घड, नारळ, कवंडाळं, कांगलां, चिबूड, तोरिंगण बांधतात ती माटोळी. गावच्या घरात ती वाशांना बांधायची. स्लॅबच्या घरात वासे कुठले? मग बाबांनी मेस्ताला सांगितलं, सळया बांधतानाच कड्या अडकव. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी आजी गावाहून आली, खालून वर बघून तिने जागा दाखवली, आणि मेस्ताने तिच्या बोटाखाली सळईला कडी बांधली. मला हे घर आधुनिक वाटतं ते त्या कड्यांमुळे. माणूस नव्या छपराखाली आला आणि येताना काय काय बरोबर घेऊन आला, ते त्या चार कड्यांत दिसतं. गल्लीतल्या सगळ्या हिंदू घरांत त्या आहेत. दारातली तुळशीवृंदावनंही तशीच. आमचं वृंदावन वर रुंद, खाली निमुळतं, हिरव्या मोझाईकचं, आणि त्याचा कोन नि गेटच्या खांबांचा कोन एकच.

मोठ्या इमारतींच्या बाबतीत निदान आवाज उठतो. कांपालची कला अकादमी हे आमच्या पिढीचं दुसरं घर. चार्ल्स कोरियांनी सत्तरीच्या दशकात तिचा आराखडा केला, १९८३ च्या सुमाराला ती पूर्ण झाली. बाबा मला मराठी नाट्यस्पर्धेला न्यायचे. रस्त्यावरून आत शिरलं की दार लागतच नाही. मांडवापाशी आल्यासारखं आपण सावलीत येतो आणि तसंच चालत राहिलं तर मांडवीच्या काठावर पोचतो. आत प्रेक्षागृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक बसलेले, मी लहानपणी नाटक सोडून त्यांच्याकडेच बघत राहायची. २०१९ साली तिथलं खुलं नाट्यगृह पाडायची भाषा झाली तेव्हा कलाकार, वास्तुरचनाकार, साधे रसिक, सगळे उठले. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. पाडणं टळलं. पुढे नूतनीकरणासाठी ती बंद झाली आणि जुलै २०२३ मध्ये, काम चालू असतानाच, त्या खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी कांपालला गेले होते. बाहेर दहा-बारा माणसं नुसती उभी होती, कुणी बोलत नव्हतं.

त्या सकाळी एक गोष्ट मनात पक्की बसली. वास्तू वाचवा म्हणून सह्या करणं हा कामाचा एक भाग. ती कशी दुरुस्त होते, कुठली सळई बदलली, कुठल्या भेगेत काय भरलं, याकडे रोज बघणारी माणसं असणं हा दुसरा. आणि हा दुसरा भाग सरकारी इमारतीत नागरिकांना करू देत नाहीत. आपल्या गल्लीत मात्र कुणी अडवत नाही.

वयाचाही एक प्रश्न असतो. दिल्लीत प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन १९७२ सालचं, वास्तुरचनाकार राज रेवाल यांचं. ते वाचवायला देशभरातून लोक बोलले, पण साठ वर्षं झालेली नाहीत म्हणून ते वारसा यादीच्या विचारातच आलं नाही, आणि एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडलं गेलं. साठ वर्षं पुरी व्हायच्या आतच वास्तू सगळ्यात धोक्यात असते. नवी म्हणून कौतुक संपलेलं, जुनी म्हणून मान अजून मिळालेला नाही, मालकांची पहिली पिढी जाण्याच्या बेतात, आणि सळयांना गंज. आमची घरं आता साठी ओलांडताहेत. तरी आमचं एकही घर कुठल्या यादीत नाही. मुंबईत २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या इमारती जागतिक वारसा ठरल्या, त्यात मरीन ड्राइव्हवरच्या राहत्या घरांच्या आर्ट डेको इमारतीही आल्या. त्यासाठी तिथल्या रहिवाशांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. माणसं ज्यात स्वयंपाक करतात, कपडे वाळत घालतात, त्या इमारतीही वारसा असू शकतात हे तिथं मान्य झालं, याचा मला मोठा आधार वाटला.

गोव्यात लोकांनी नकाशा हातात घेण्याची सवय आहे. २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोवा बचाव अभियान झालं, सरकारला २०११ चा आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर नव्या आराखड्यासाठी जो कृती गट नेमला त्यात कोरिया होते, आणि मसुद्याचे नकाशे गावागावांत पंचायतींकडे गेले. माझ्या मावशीच्या गावात लोक नकाशा जमिनीवर पसरून त्याच्याभोवती बसले होते, कुणाचं शेत कुठल्या रंगात गेलंय ते शोधत. पण गावाला ग्रामसभा असते. शहरातल्या गल्लीला काय असतं? मतदारयादी आणि कचऱ्याची गाडी. म्हणून काकींचं घर पाडल्यावर तीन आठवड्यांनी, एका रविवारी, मी सगळ्यांना आमच्या दिवाणखान्यात बोलावलं.

एकोणीस जण आले. खुर्च्या कमी पडल्या, मुलं वृंदावनाच्या कट्ट्यावर बसली. मी कागदावर मुद्दे काढले होते, पण दुसऱ्याच मिनिटाला तिसऱ्या घरातला भाऊ, मास्तरांचा नातू, उभा राहिला. म्हणाला, "ताई, तुमचं घर तुमच्या एकटीच्या नावावर आहे. तुम्ही ठेवू शकता. आमच्यात सहा वाटेकरी आहेत. पाच जण इथं राहत नाहीत. त्यांना मी काय सांगू, मोझाईक छान आहे म्हणून?"

खोलीत शांतता पसरली. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि घरं का पडतात याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. बाहेरच्यांना वाटतं, बिल्डर आला आणि घर गेलं. बिल्डर शेवटी येतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे. नवरा-बायको मालमत्तेचे सारखे मालक, मुलगा-मुलगी सारखे वारस, आणि मृत्युपत्र केलं तरी निम्मी मालमत्ता मुलांना मिळालीच पाहिजे. या कायद्याचा मला अभिमान आहे, माझ्या आईला आणि आत्यांना जे मिळालं ते यामुळेच मिळालं. पण दोन पिढ्यांत एका घराचे सहा, आठ, बारा मालक होतात. कुणाची सही लिस्बनला, कुणाची दुबईला. इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटायचं कोर्टातलं, प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. तोवर कुणी गळती काढत नाही, कारण खर्च कोण करणार आणि नंतर मागायचा कुणाकडे? घर बंद राहतं, पावसाळे खातं. मग कुणीतरी येऊन सांगतो की वाढीव एफएआर आहे, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधता येतं, प्रत्येकाला एक फ्लॅट देतो. सहा जणांना समान वाटता येईल अशी ती एकच गोष्ट असते. घराचे सहा तुकडे होत नाहीत, फ्लॅट सहा होतात.

त्या रविवारी आम्ही ठराव वगैरे केला नाही. मास्तरांच्या नातवाचं घर हाच विषय झाला. टपालवाल्यांच्या घरातली सून एका बँकेत आहे, तिने हिशेब मांडला: तळमजला दवाखान्याला किंवा कचेरीला भाड्याने दिला तर वर्षाला किती, त्यातून दुरुस्ती किती, उरलेले सहा वाट्यांत किती. फ्लॅटइतके ते पैसे नव्हते, हे तिने स्पष्ट सांगितलं. पण घर ठेवून मिळणारे होते आणि लगेच मिळणारे होते. तो कागद मास्तरांच्या नातवाने सहाही जणांना पाठवला. चौघांनी होकार कळवला. दोघांचं अजून चाललंय. त्यातली एक मुंबईची आत्या मला परवा फोनवर म्हणाली, "मला तिथं काय आहे हे कुणी इतकी वर्षं सांगितलंच नव्हतं. घरपट्टी भरा एवढंच कळवायचे."

तिच्या त्या वाक्यामुळे पुढचं काम सुचलं. वास्तुरचना शिकणारी चार मुलं दोन महिने शनिवार-रविवार यायला लागली. त्यांनी प्रत्येक घर मोजलं, कागदावर काढलं. गल्लीतल्या पोरांनी टेपचं दुसरं टोक धरलं. प्रत्येक घराची एक वही झाली: नकाशा, जुने फोटो, फरशीचे रंग, कुठं गळतं, विहीर कुठं होती, आणि शेवटच्या पानावर सगळ्या वारसांचे फोन. त्या वहीची प्रत प्रत्येक वारसाला गेली. लोकांना आपल्या घराबद्दल अभिमान वाटत नाही असं मी म्हणायची, ते मी मागे घेतलं. माहिती नव्हती, म्हणून वाटत नव्हता. साष्टीच्या कुटुंबातल्या आजींनी तर नकाशा बघून बोट ठेवलं आणि सांगितलं, ही खिडकी मागाहून फोडली, १९७१ मध्ये, माझ्या बाळंतपणात वारा यावा म्हणून. ते वहीत लिहिलं.

आता दुरुस्तीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण शैलीबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात, सळईबद्दल कुणी बोलत नाही.

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेत खारेपणा असतो. सपाट स्लॅब ही इथं मुळातच धाडसाची गोष्ट होती. त्या काळी काँक्रीट हाताने कालवलेलं, सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम अर्धा इंच. साठ वर्षांत ओल आणि खार सळईपर्यंत पोचतात. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, आणि आतूनच काँक्रीट फोडतं. आधी छताला तपकिरी रेघ दिसते, मग पोपडा धरतो, मग एक दिवस जेवायच्या टेबलावर ढलपा पडतो. माणसं घाबरतात आणि म्हणतात, घर संपलं. बहुतेक वेळा संपलेलं नसतं.

आमचा मेस्त म्हणजे ज्याच्या वडिलांनी गल्लीतली निम्मी घरं बांधली, त्याचा मुलगा. तोही आता साठीला आलाय. माझ्या दिवाणखान्यात स्टुलावर उभा राहून तो लहान हातोडीने छत ठोकत गेला. भरीव ठिकाणी टण्ण वाजायचं, पोकळ ठिकाणी थप्प. थप्प वाजलं की खडूने गोल. संध्याकाळपर्यंत छतावर अकरा गोल झाले, मोठ्यात मोठा परातीएवढा. बाकी सगळा स्लॅब टण्ण होता. दुसऱ्या दिवशी त्याने ते अकरा गोल फोडले, सळया उघड्या केल्या, तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासल्या, दोन ठिकाणी पार बारीक झाल्या होत्या तिथं शेजारी नवी सळई बांधली, गंज धरू नये असा लेप दिला आणि मग मसाला भरला. एक गोल माटोळीच्या कडीशीच होता. मला वाटलं, कडी काढावी लागणार. तो वर बघतच म्हणाला, "बाये, हें मोडूं नाका. बापायन बांदलां." आणि कडीभोवतीचं काँक्रीट त्याने छिन्नीने चिमूट-चिमूट काढलं. तारेची ती साठ वर्षांपूर्वीची गाठ अजून सळईला घट्ट होती.

तेव्हापासून गल्लीचा नियम झालाय, कुणी लिहिलेला नाही, पण पाळतात: फेब्रुवारीत मेस्त सगळ्या घरांची छतं ठोकून जातो, खर्च सगळे मिळून देतात, आणि ज्याच्याकडे जास्त थप्प निघेल त्याचं काम आधी. स्लॅबवर पत्रे घालायला कुणाची ना नाही. पावसाळ्यात पत्रा हवाच, मी त्याबद्दल हट्ट धरणार नाही. फक्त पत्रा कठड्याच्या आत, खाली ठेवायचा, म्हणजे रस्त्यावरून घराच्या कपाळाची सरळ रेघ दिसत राहते. तीन घरांनी उंच पत्रे उतरवून असे करून घेतले. चोरांच्या भीतीने बाल्कन्यांना जे लोखंडी पिंजरे बसले होते त्यातले चार निघाले. एकाने नाही काढला, त्यांच्या घरी खरोखर चोरी झाली होती, त्यांना आम्ही आग्रह केला नाही.

एक भीती मला आहे आणि ती मी बैठकीत बोलून दाखवली. पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुपच्या माणसांनी लोकांना घरांचे दरवाजे उघडायला लावले, दिवाणखान्यांत चित्रप्रदर्शनं भरवली, आणि त्या वस्तीकडे बघायची पणजीची नजर बदलली. ते फार मोठं काम झालं. पण आज तिथल्या माणसांना दारावर फोटो काढू नका अशा पाट्या लावाव्या लागतात. पायरीवर बसून वाटाणे सोलणाऱ्या बाईच्या अंगावरून कॅमेरे जातात. आपली गल्ली देखणी झाली आणि राहती राहिली नाही, तर काय मिळवलं? म्हणून आम्ही ठरवलंय, घर भाड्याने द्यायचं तर राहणाऱ्याला किंवा काम करणाऱ्याला द्यायचं, रात्रीच्या हिशेबाने नाही. यावर दोघांचा विरोध आहे. पैसे तिकडे जास्त आहेत हे मलाही माहीत आहे. पुढच्या बैठकीत पुन्हा बोलू.

या वर्षी मास्तरांच्या घराच्या जिन्याच्या जाळीचा प्रश्न आला. तेवीस जाळ्या फुटलेल्या. बाजारात आता लेझरने कापलेले पत्रे मिळतात, नव्या नक्षीच्या मातीच्या जाळ्याही मिळतात, पण ती चार पाकळ्यांची जाळी कुणी करत नाही. मी टेबलावरची जाळी उचलून मेस्ताकडे घेऊन गेले, मेरशीला. त्याने ती उलटीसुलटी केली, आतल्या लाकडाच्या रेषांवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता मागच्या खोपीत गेला. आतून पत्रे, जुन्या खिडक्या, वंगणाचे डबे सरकवल्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने तो एक काळीभोर पेटी घेऊन बाहेर आला. फणसाच्या लाकडाची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, आत चार पाकळ्यांचे चार ठोकळे. एका ठोकळ्याला वाळवी लागली होती, बाकी तीन शाबूत. मी माझी जाळी त्यात ठेवली. ती बसली. रेषेला रेष लागली.

चौथा ठोकळा त्याने नवा केला. साचा एकच, त्यामुळे दिवसाला जाळी एकच. संध्याकाळी साच्याला आतून जळकं ऑइल फासायचं, बारीक रेतीचा मसाला भरायचा, मधे तार घालायची, काठीने टोचून टोचून बसवायचा. सकाळी पट्ट्या सोडून जाळी काढायची आणि पाण्याच्या टाकीत सात दिवस बुडवून ठेवायची. आम्ही बारा मेला सुरुवात केली. मृगाच्या आत तेवीस व्हायला हव्या होत्या. गल्लीतली मुलं पाळी लावून यायला लागली, कारण सकाळी साचा उघडताना बघायचं असायचं सगळ्यांना. पहिल्या दोन जाळ्या पाकळीपाशी तुटल्या. तिसरी नीट निघाली.

नवव्या दिवशी साचा उघडायची पाळी मास्तरांच्या पणतीची होती, सात वर्षांची. मेस्ताने तिला पट्ट्या सोडायला दाखवल्या. तिने एकेक बाजू अलगद मागे ओढली, ठोकळे चारही निघाले, आणि जाळी ओली, राखाडी, फळीवर उभी राहिली. तिने खाली वाकून पाकळीतून पलीकडे बघितलं. मग मला विचारलं, "ही कितव्या पायरीवर लावणार?"

मी म्हटलं, सातव्या.